जर्मनीला जायचे ठरले आहे, पण कोणत्या व्हिसावर?

तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे हे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमचे वय एकतीस आहे. २०१६ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून तुम्ही मेकॅनिकलची बी.ई. झालात आणि गेली आठ वर्षे चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनचे काम करत आहात. जर्मनची ए-२ परीक्षा झाली आहे (भाषेच्या पायऱ्या सोप्याकडून अवघडाकडे ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढतात). पत्नी स्टाफ नर्स आहेत आणि मुलगी चार वर्षांची आहे. एक एजंट ऑपॉर्च्युनिटी कार्डाची ‘गॅरंटी’ देतो आहे, एक मित्र मास्टर्स करून जा म्हणतो आहे, आणि तुम्हाला स्वतःला आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊन मुलाखती द्याव्यात असे वाटते. यांपैकी सर्वांत लवकर आणि सहज काय मिळेल, हे तुम्ही विचारले आहे.

पुण्यात बसून जर्मनीच्या फायली तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि जवळपास प्रत्येक जण याच प्रश्नापासून सुरुवात करतो. माझ्या मते तुमची खरी अडचण व्हिसा मिळण्याची नाहीच. तुमच्या शिक्षणाला आणि अनुभवाला एकापेक्षा जास्त दरवाजे उघडे आहेत. अडचण अशी आहे की प्रत्येक व्हिसाला मुदत असते, आणि ती संपेल त्या दिवशी तुमच्या हातात काय असेल, याचा विचार तुमच्या प्रश्नात कुठेच दिसत नाही. बायकोमुलीसह तिकडे राहायचे असेल तर व्हिसाचा शेवटचा दिवस आधी पाहावा आणि तिथून मागे येत निर्णय घ्यावा.

टुरिस्ट व्हिसाचा पर्याय आधी बाजूला काढू, कारण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जाण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. या व्हिसावर, म्हणजे शेंगेन व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि नोकरी करता येत नाही. एखाद्या कंपनीने मुलाखतीला बोलावल्याचे पत्र असेल, तर तेच कारण अर्जात स्पष्ट लिहून जाऊन येता येते. पण तिथे नोकरी मिळाली म्हणून तो व्हिसा तिथल्या तिथे राहण्याच्या परवान्यात बदलून घेता येईल, हे गृहीत धरू नका. भारतीय नागरिकाने परत येऊन नोकरीच्या व्हिसासाठी नव्याने अर्ज करायचा असतो आणि महाराष्ट्र व गोव्याच्या लोकांसाठी तो मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातो. ‘फिरायला चाललो आहे’ असे लिहून मुलाखती देत फिरणे तर मुळीच करू नये. पुढच्या प्रत्येक अर्जात आधीच्या प्रवासाचा हेतू विचारला जातो आणि एकदा विसंगती दिसली की खरे कागदही संशयाने पाहिले जातात.

आता ऑपॉर्च्युनिटी कार्ड. १ जून २०२४ पासून सुरू झालेली ही सोय नोकरी शोधण्यासाठी आहे. हातात नोकरी नसताना जर्मनीत जाऊन वर्षभरापर्यंत शोध घ्यायचा, त्या काळात आठवड्याला सरासरी वीस तासांपर्यंत कोणतेही अर्धवेळ काम करता येते आणि एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करून दाखवता येते. यासाठी किमान सहा गुण लागतात. गुण मोजण्याआधीची अट म्हणजे आपल्या देशात मान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण आणि त्याच्या जोडीला जर्मनचे ए-१ किंवा इंग्रजीचे बी-२. तुमचे गुण मोजले तर वय पस्तिशीच्या आत असल्याचे दोन, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा संबंधित अनुभव असल्याचे तीन, ए-२ चा एक, आणि अभियंत्यांचा व्यवसाय तुटवड्याच्या यादीत असल्याने आणखी एक, असे सात होतात. एजंटची ‘गॅरंटी’ याच बेरजेवर उभी आहे. ही बेरीज तुम्ही घरी बसून कागदावर करू शकता, तिच्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट एजंटने बहुधा सांगितलेली नाही. तुमची पदवी जर्मनीत पूर्णपणे समकक्ष ठरली, तर तुम्ही त्यांच्या कायद्याने ‘कुशल कामगार’ ठरता आणि मग गुणांची गरजच उरत नाही. म्हणून कोणताही व्हिसा निवडण्याआधी पदवीची तपासणी करा. अ‍ॅनाबिन नावाचा जर्मन सरकारी माहितीसाठा इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतो. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या असतात. पहिली संस्था, तिच्यापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, हा शेरा हवा. दुसरी पदवी, ती जर्मन पदवीशी जुळते असा शेरा तिच्यापुढे हवा. आपल्याकडचे विद्यार्थी इथे आपल्या कॉलेजचे नाव टाकतात, ते सापडत नाही आणि घाबरून जातात. पदवी विद्यापीठ देते, कॉलेज त्याला संलग्न असते, त्यामुळे विद्यापीठाचेच नाव शोधायचे. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ साली बदलले, तेव्हा जुने आणि नवे अशी दोन्ही नावे टाकून पाहा. दोन्ही शेरे मिळाले तर त्या पानांची छापील प्रत फाइलला लावायची. एखादा शेरा मिळाला नाही किंवा अर्धवट असला तर झेडएबी या केंद्रीय कार्यालयाकडून समकक्षतेचे प्रमाणपत्र मागवावे लागते. त्याला सुमारे दोनशे युरो आणि काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो.

आता या कार्डाचा शेवटचा दिवस पाहू. वर्ष संपताना पदवीला साजेशी नोकरी हातात असेल तर तुम्ही नोकरीच्या परवान्यावर जाता आणि सगळे सुरळीत होते. नोकरीचा करार किंवा पक्का प्रस्ताव असूनही इतर परवान्याच्या अटी पुऱ्या होत नसतील, तर कार्डाला आणखी दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. यापैकी काहीच नसेल तर परत यावे लागते. दरम्यान चाकणची नोकरी सुटलेली असते आणि वर्षाच्या खर्चासाठी दरमहा १,०९१ युरो या हिशेबाने, म्हणजे २०२५ च्या आकड्याप्रमाणे १३,०९२ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवलेले असतात. एका युरोला शंभर रुपये धरले तर तेरा लाखांवर रक्कम होते. पत्नी आणि मुलीला या कार्डावर सोबत नेण्याचा बेत आखू नका. नोकरी शोधण्यापुरत्या तात्पुरत्या मुक्कामावर कुटुंबाचा व्हिसा मिळेल, असे धरून चालणे चुकीचे ठरेल. म्हणजे ते वर्ष तुम्ही तिकडे आणि त्या दोघी इकडे, असे जाईल.

हे कार्ड वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ज्याचे जर्मन बी-१ किंवा बी-२ पर्यंत गेले आहे, जो प्रत्यक्ष भेटीत बरे बोलू शकतो आणि ज्याच्यावर घराचे हप्ते नाहीत, अशा माणसाला मी ते सुचवते. ए-२ वर मात्र थांबायला सांगते. मेकॅनिकल डिझाइनची कामे बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि बव्हेरियातल्या लहान शहरांत, मध्यम आकाराच्या आणि पुष्कळदा एकाच कुटुंबाच्या मालकीच्या कंपन्यांत असतात. तिथे कार्यशाळेतल्या माणसाशी, पुरवठादाराशी आणि तपासनिसाशी जर्मनमध्येच बोलावे लागते. सॉफ्टवेअरवाल्यांना इंग्रजीवर निभावता येते, तुमच्या क्षेत्रात ते क्वचित जमते. त्यात वाहन उद्योगाचे दिवस सध्या कठीण आहेत. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारानुसार २०३० पर्यंत जर्मनीतील ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी होणार आहेत आणि सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही कपात जाहीर केली आहे. म्हणून अर्जाच्या पत्रात ‘वाहन उद्योगाचा अनुभव’ एवढेच लिहू नका. तुम्ही शीटमेटलचे, प्लॅस्टिक मोल्डिंगचे की कास्टिंगचे भाग डिझाइन करता, कोणत्या सॉफ्टवेअरवर करता, हे लिहिलेत तर वैद्यकीय उपकरणे, यंत्रनिर्मिती, रेल्वे अशा उद्योगांतही तुमचा अनुभव वाचला जाईल.

मित्राचा सल्ला मास्टर्सचा आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते हे खरे, पण सरसकट खरे नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सच्या नव्या परदेशी विद्यार्थ्यांना दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो मोजावे लागतात. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला) बंधनकारक आहे आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. या मार्गाचा शेवटचा दिवस मात्र चांगला आहे. जर्मन पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने मिळतात आणि तिथली पदवी घेऊन नोकरी करणाऱ्याला दोन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

हा मार्ग तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलामुलीला मी डोळे झाकून सुचवीन. तुमच्या बाबतीत मला दोन शंका आहेत. आठ वर्षांच्या नोकरीनंतर अचानक मास्टर्स का, याचे पटणारे उत्तर व्हिसा अधिकाऱ्याला द्यावे लागेल. ‘जर्मनीत स्थायिक व्हायचे आहे म्हणून’ हे उत्तर शिक्षणाच्या व्हिसाला चालत नाही, अभ्यासक्रम तुमच्या कामाशी जोडून दाखवता आला पाहिजे. दुसरी शंका घरखर्चाची आहे. दोन ते अडीच वर्षे पूर्ण पगार नाही, आणि कुटुंब सोबत न्यायचे तर त्यांचाही खर्च आणि घर दाखवावे लागेल. डिझाइन सोडून सिम्युलेशन, बॅटरी किंवा ऑटोमेशनसारख्या वेगळ्या विषयात जायचे तुमच्या मनात असेल तर हा खर्च सार्थकी लागेल. तेच काम पुढे करायचे असेल तर मला तो अनावश्यक वाटतो.

यावरून मी तुम्हाला सुचवते तो चौथा मार्ग, जो तुम्ही विचारलाच नाही: इथे बसून नोकरी मिळवायची आणि थेट नोकरीच्या परवान्यावर जायचे. पदवी समकक्ष असेल तर यात दोन प्रकार आहेत. पहिला ईयू ब्लू कार्ड, म्हणजे ठरावीक पगाराच्या वरच्या नोकरीसाठी पदवीधरांना मिळणारा परवाना. २०२५ साली त्यासाठी वार्षिक एकूण पगार किमान ४८,३०० युरो लागत होता आणि अभियांत्रिकीसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांत ४३,७५९ युरो ८० सेंट पुरत होते. ही मर्यादा दर जानेवारीत बदलते, त्यामुळे अर्ज ज्या वर्षी करणार त्या वर्षीचा आकडा पाहायचा. दुसरा प्रकार पदवीधर कुशल कामगाराचा साधा परवाना. त्यात तुमच्या वयाला ठरावीक पगाराची अट नाही, पण तशाच कामासाठी जर्मन माणसाला मिळतो त्यापेक्षा कमी पगार चालत नाही.

ब्लू कार्डाचे महत्त्व शेवटच्या दिवसाच्या दृष्टीने पाहा. सत्तावीस महिने नोकरी आणि पेन्शनचे हप्ते भरून झाले की ए-१ जर्मनवर कायम वास्तव्य मिळू शकते आणि बी-१ असेल तर एकवीस महिन्यांत. साध्या परवान्यावर हाच काळ तीन वर्षांचा आहे. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरीची मुभा असते. कायद्याने तुम्हालाही ब्लू कार्डासाठी जर्मनची अट नाही, पण वर सांगितलेल्या कारणांमुळे नोकरी मिळवायला ते लागेलच.

नोकरी पक्की झाल्यावर कंपनीला एक गोष्ट आवर्जून सांगा. ती तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते. लहान कंपन्यांना ही सोय पुष्कळदा माहीतच नसते. तुमची आताची कंपनी जर्मन उद्योगसमूहाची असेल, तर समूहांतर्गत बदलीच्या आयसीटी कार्डाची चौकशीही करून ठेवा. मात्र ते कार्ड जास्तीत जास्त तीन वर्षांचे असते आणि त्याच मालकाशी बांधलेले असते.

अर्ज कोणताही असो, फाइल पहिल्याच वेळी नेटकी हवी. पूर्वी नकार आला तर दूतावासाकडे लेखी फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे आणि आता नव्याने अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद, एवढेच उरले आहे. आपल्याकडच्या फायलींत दोन जागा हमखास लंगड्या असतात. पहिली अनुभवाचे पत्र. ‘हे आमच्याकडे अमुक काळ डिझाइन इंजिनिअर होते, वर्तणूक चांगली’ एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. पत्रात रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, आठवड्याचे तास, पदनाम बदलले असेल तर केव्हा, आणि प्रत्यक्ष कामांची पाच-सहा ओळींत माहिती हवी, खाली सही करणाऱ्याचे नाव, पद आणि संपर्क हवा. एचआर असे पत्र सहजासहजी देत नाही. मसुदा स्वतः लिहून द्या, म्हणजे काम लवकर होते. दुसरी जागा नावाची. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आईचे नावही छापलेले असते, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असते, आणि पत्नीच्या कागदांवर लग्नाआधीचे व नंतरचे अशी दोन नावे असतात. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही, पण परक्या अधिकाऱ्यासमोर ती तीन वेगळी माणसे होतात. सगळे कागद एका टेबलावर मांडा, प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि जिथे फरक आहे तिथे विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी योग्य तो पुरावा आधीच जोडून ठेवा.

तुमच्या प्रश्नात सर्वांत मोलाची माहिती शेवटच्या ओळीत, जाता जाता आलेली आहे: पत्नी स्टाफ नर्स आहेत. जर्मनीत परिचारिकांची मागणी वाहन उद्योगाच्या चढउतारावर अवलंबून नाही आणि जवळपास प्रत्येक गावात ती आहे. मात्र परिचारिकेचा व्यवसाय तिथे नियंत्रित आहे. म्हणजे तुमच्यासोबत जाऊन नोकरीची मुभा मिळाली तरी संबंधित राज्याच्या कार्यालयाने त्यांची पात्रता मान्य केल्याशिवाय त्यांना परिचारिका म्हणून काम करता येणार नाही. ते कार्यालय त्यांचा अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकांचे तास तपासते, जे कमी पडते ते लेखी कळवते, आणि ती उणीव तिथे रुग्णालयात प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरून काढावी लागते. पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ पातळीचे जर्मन लागते. ही मान्यता घेत असताना रुग्णालयात सहायक म्हणून काम करण्यासाठी वेगळा व्हिसाही आहे, म्हणजे हवे तर त्या तुमच्या आधीही जाऊ शकतात.

तेव्हा माझा स्पष्ट सल्ला असा. एजंटला आता पैसे देऊ नका. तो नोकरी लावून देतो असेही म्हणत असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याची नोंदणी आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. ते तेरा लाख तुमच्याच खात्यात राहू द्या आणि पुढचे आठ-दहा महिने दोघांच्याही जर्मनवर खर्च करा, तुम्ही बी-१ पार करून बी-२ कडे आणि पत्नी ए-१ पासून. या काळात पदवीची तपासणी पूर्ण करा, अनुभवाची पत्रे मिळवा आणि बी-१ चा निकाल येताच नोकरीचे अर्ज सुरू करा. आणखी वर्षभराने दोघांपैकी कोणालाच पक्का प्रस्ताव आला नसेल तर ऑपॉर्च्युनिटी कार्ड आहेच. तेव्हाही तुमचे वय पस्तिशीच्या आतच असेल आणि भाषेचे गुण वाढलेले असतील.

तुम्ही घराच्या कर्जाबद्दल काही लिहिलेले नाही. हप्ते मोठे असतील तर वर्षभर बिनपगारी शोधाचा पर्याय पूर्णच वगळावा लागेल. तेवढे, अ‍ॅनाबिनवर दोन्ही पानांवर कोणते शेरे दिसले ते, आणि पत्नींचे शिक्षण जीएनएम आहे की बी.एस्सी. नर्सिंग, हे इथेच लिहा. दोघांपैकी कोणाचा अर्ज आधी जावा, हे त्यावरून सांगता येईल.